वापरात नसलेली पायवाट बंद करायची आहे? आधी ती कोणाची ते बघा

पायवाटेच्या प्रकरणात सगळ्यांत महागात पडतो तो जेसीबी. आधी वाट नांगरायची, मग तारेचं कुंपण घालायचं, मग नोटीस आली की वकील गाठायचा, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. कागद बघायची वेळ येते तेव्हा तहसीलदारांपुढे तुम्ही 'रस्ता अडवणारा प्रतिवादी' झालेले असता आणि मूळ मुद्दा, म्हणजे त्या वाटेवरून जायचा हक्क मुळात कोणाला होता का, तो मागे पडतो.

'आता कोणी वापरत नाही' एवढं कारण पुरेसं आहे, असं जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. ते पुरेसं नाही. वाटेवरचा हक्क निरनिराळ्या प्रकारचा असतो आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या पद्धतीनं संपतो. न वापरल्यामुळे संपणारा हक्क त्यातला एकच, आणि त्यालाही 20 वर्षं लागतात. म्हणून 'वाट बंद कशी करू' याच्या आधी 'हक्क कोणाचा आणि कुठून आलेला' हे ठरवावं लागतं. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामीण जमिनीबद्दल आहे. नगरपालिका, महापालिका हद्दीतल्या बोळांचे आणि ले-आउटमधल्या रस्त्यांचे नियम निराळे, ते इथे घेत नाही.

कागद काढताना

सातबारा बघून 'रस्त्याची नोंद नाही, म्हणजे रस्ता नाही' असं ठरवू नका. सातबारा हा या कामातला सर्वांत तोकडा कागद आहे. उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, तुमच्या मूळ सर्व्हे नंबरचं टिपण (मोजणीच्या वेळचा मापांसह कच्चा नकाशा), गुणाकार बुकाचा उतारा (क्षेत्र काढल्याचा हिशेब) आणि आकारबंद (क्षेत्र व आकारणीची नोंदवही) काढा. एकत्रीकरण योजना झालेल्या गावात सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्या वेळी जुनी वाट नव्या गटाच्या नकाशावर उतरली नाही असं बऱ्याचदा दिसतं, त्यामुळे योजनेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नकाशे लागतात. समोरचा माणूस आधीचा नकाशा घेऊन येणारच आहे.

गाव नकाशावर पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. सव्वाआठ हा आकडा कुठून आला, तर जुनी मोजणीची साखळी 33 फुटांची आणि 16 आण्यांची, तिचे 4 आणे म्हणजे सव्वाआठ फूट. टिपणावर साखळी-आण्यांचे आकडे दिसले की गोंधळू नका. एक गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे सव्वाआठ फुटी वाट 132 फूट लांब गेली की एक गुंठा होतो. शेतातून 200 मीटर वाट जात असेल तर वाद जवळजवळ 5 गुंठ्यांचा आहे. वकिलाची फी ठरवण्याआधी हा हिशेब करून बघावा.

नकाशानंतर आकारबंद आणि सातबाऱ्यावरचं पोटखराब, म्हणजे गटातलं लागवडीबाहेरचं क्षेत्र. पोटखराब वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, नापीक जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ते, पायमार्ग, ओढे, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी बाजूला ठेवलेलं क्षेत्र. तुमच्या गटात वर्ग 'ब' खाली 3-4 गुंठे दिसत असतील आणि गटातून ओढा जात नसेल, तर तो बहुधा हाच पायमार्ग. 'अ' लागवडीखाली आणायला 2018 पासून वाट मोकळी झाली. 'ब' ला ती सवलत नाही.

यानंतर ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे रस्त्यांची नोंदवही. तिथे वाटेला नाव आणि लांबी लागली असेल तर तिच्यावर कधी तरी सरकारी पैसा खर्च झाला असण्याचा संभव मोठा. मुरूम टाकल्याचं एक बिल निघालं तरी 'खाजगी वाट' हा तुमचा मुद्दा लंगडा होतो. विदर्भात वाजिब-उल-अर्जही पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 165 खाली गावातले पाण्याचे, वाटेचे आणि मासेमारीचे रूढ हक्क त्यात नोंदवलेले असतात, आणि ते खाजगी जमिनीवरचेही असतात. जमीन घेताना हा कागद कोणी बघत नाही. भांडण लागल्यावर मात्र सगळे बघतात.

कार्यालयातून प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. मुदत 30 दिवसांची आहे, आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर आलं तरी ते पुढे कामाचं असतं.

वाट कोणत्या प्रकारची

पहिला प्रकार सरकारी मालकीच्या सार्वजनिक वाटेचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 नुसार ज्यांवर कोणाची खाजगी मालकी नाही असे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा राज्य शासनाच्या. वीस वर्षं काय, पन्नास वर्षं कोणी चाललं नाही तरी हा हक्क आपोआप जात नाही. एकदा सार्वजनिक झालेला रस्ता सार्वजनिकच राहतो, ही कोर्टांची जुनी भूमिका आहे.

दुसरा प्रकार शेजारच्या शेतकऱ्याच्या वहिवाटीचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 15 इथे लागतं (सुविधाधिकार म्हणजे आपल्या जमिनीसाठी दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क). 20 वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर झाला पाहिजे. सरकारी जमिनीवर हीच मुदत 30 वर्षांची. यातली एक बारीक अट दोन्ही बाजूंचे लोक विसरतात: ही 20 वर्षं दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत. 1980 ते 2005 वाट वापरली, मग बंद झाली आणि दावा आता केला, तर ते 25 वर्षांचे साक्षीदार वहिवाटीच्या दाव्यात उपयोगाचे नाहीत.

तिसरा गरजेचा हक्क, त्याच कायद्याचं कलम 13. एकाच मालकाची जमीन विकून किंवा वाटपात तुटली आणि आतल्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच उरली नाही, तर तो हक्क आपोआप जन्मतो. दस्तात एक अक्षर नसलं तरी.

चौथी नुसती परवानगी. 'जा रे बाबा, पण पिकातून नको' असं म्हणून दिलेली सवलत. ती हक्क होत नाही आणि साधारणपणे मागे घेता येते. अडचण एवढीच की तोंडी परवानगी सिद्ध करताना ती देणारा बहुधा हयात नसतो.

पाचवी बांधावरची वाट, महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांनी दिलेली. हे कलम सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून जाण्यापुरतं आहे. शेताच्या मधून तिरपी वाट यात देता येत नाही. असा जुना आदेश तुमच्या गटाबद्दल झाला असेल तर तो आधी शोधा. त्याविरुद्ध दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष होती, आणि ती टळून गेली असेल तर 'वाट कोणी वापरत नाही' म्हणून तो आदेश विरत नाही.

कमी वापर आणि शून्य वापर

सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 47 प्रमाणे वाटेचा खाजगी हक्क सलग 20 वर्षं न वापरल्यानं संपतो. इथे 'कमी वापर' या शब्दांना काही किंमत नाही. वर्षातून एकदा शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन कोणी गेलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. वाट वापरणारं शेत सामाईक असेल तर एका हिस्सेदाराचा वापर सगळ्यांचा हक्क जिवंत ठेवतो. मुंबईला राहणारे तीन भाऊ वाट विसरलेले असतात, आणि गावात राहिलेला चौथा दर दिवाळीत विहिरीवर जाऊन येत असतो.

म्हणून वापर मोजायचा तर पूर्ण वर्ष मोजा. मे महिन्यात वाट ओसाड दिसते. पावसाळ्यात डांबरी रस्त्याचा वळसा टाळून शाळेची पोरं तिथूनच जातात. मेंढपाळ मेंढरं-बिऱ्हाडासह दसऱ्या-दिवाळीनंतर येतात. ऊसतोड सुरू झाली की टोळीतले लोक पहाटे त्याच वाटेनं उतरतात. कोकणात तर शिमग्याची पालखी हा मोठा मुद्दा. वर्षभर कोणी फिरकत नाही, गडगा (दगडी कुंपण) पडलेला, वाटेत करवंदीची जाळी माजलेली, पण पालखी त्याच वाटेनं वाडीत येते. हा एखाद्या शेताला चिकटलेला सुविधाधिकार नसतो, रूढीनं चालत आलेला असतो, आणि सुविधाधिकार कायदा त्याला हात लावत नाही. कागदानं जिंकलात तरी गावात हरलात, असं प्रकरण हवं असेल तर पालखीची वाट बंद करायला घ्या. तिथे शहाणा मार्ग एकच: गडगा बांधा, पण वाटेच्या तोंडाला बेडं (काढता येणारं लाकडी फाटक) ठेवा आणि पालखीच्या दिवशी ते काढायचं हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. पाखाडीची (दगडी पायऱ्यांच्या वाटेची) एखादी पायरी तुमच्या हद्दीत येत असेल तर तीही उखडू नका.

न वापरल्याचा पुरावा तोंडी साक्षीवर सोडू नये. गूगल अर्थवर गेल्या पंधरा-वीस वर्षांची जुनी उपग्रह चित्रं तारखेसह बघता येतात, उन्हाळ्यातली चित्रं निवडा. चालती वाट जमिनीवर फिकट रेघेसारखी स्पष्ट उमटते, आणि बंद पडलेली दोन-तीन हंगामांत नाहीशी होते. त्याच्या जोडीला गाव नमुना 12 मधल्या पीकपाहणीचे उतारे घ्या. सलग वर्षं पूर्ण क्षेत्रावर पीक दाखवलेलं असेल तर मदत होते. पण तलाठ्यानं बसल्या जागी पूर्ण क्षेत्र भरलं असेल तर उलटतपासणीत तो कागद फाटतो, हे धरून चला. जागेवरचं एखादं झाड सगळ्यांत भरवशाचं. वाटेच्या बरोबर मधोमध वीस इंच घेराचा बाभळीचा बुंधा उभा असेल तर त्यावर वाद घालणं कोणालाही जड जातं.

खाजगी हक्क असेल तर

गरजेचा हक्क असेल तर सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 41 बघा. गरज संपली की हक्क संपतो. आतल्या शेतकऱ्यानं नंतर रस्त्याला लागून असलेला तुकडा विकत घेतला, किंवा त्याच्या दुसऱ्या बाजूनं शासकीय पाणंद झाली, तर तुमच्या शेतातून जायचं कारण उरत नाही. मात्र 'पर्यायी रस्ता आहे' हे वाक्य वहिवाटीच्या हक्कापुढे चालत नाही. 20 वर्षांच्या वापरानं पक्का झालेला हक्क, दुसरी दहा दारं उघडली तरी टिकतो. लेखी जबाब लिहिताना या दोन गोष्टींची खिचडी होते आणि तिथेच प्रकरण बिघडतं.

सगळ्यांत स्वच्छ मार्ग हक्कसोडीचा. वाट वापरणाऱ्या शेताचे सगळे खातेदार, सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत ते सगळे, सही करणार. बहिणींची नावं वारसानं लागलेली असतील तर त्याही. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करारनामा इथे कुचकामी आहे. स्थावर मालमत्तेतला शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क संपवणारा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 खाली नोंदवावाच लागतो. नोटरीच्या कागदावर पैसे देऊन बसलेल्या माणसाला पुढच्या पिढीकडून पुन्हा नोटीस येते.

समोरचा सही करत नसेल, आणि हक्क संपल्याचा पुरावा तुमच्याकडे असेल, तर दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा, विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 चं कलम 34, सोबत कायम मनाईची मागणी. वाट प्रत्यक्षात बंद करायची ती हुकूमनाम्यानंतर.

परवानगीची वाट असेल तर लेखी नोटीस द्या, मुदत द्या, हंगाम संपू द्या. शेतात पीक उभं असताना वाट तोडली तर कायदा तुमच्या बाजूनं असूनही तहसीलदारांची सहानुभूती समोर जाते. आणि ज्यांना आज परवानगी द्यायची आहे त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या: 'सदर गटातून मी मालकाच्या परवानगीने जात आहे, माझा हक्क नाही', तारीख, सही. दरवर्षी नवी. वर्षातून एक दिवस फाटक लावलं की 20 वर्षं मोडतात, ही समजूत खरी नाही. कलम 15 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे अडथळा झाल्याचं कळल्यावरही समोरच्यानं वर्षभर तो निमूट सोसला, तरच त्याला खंड म्हणतात. कागदाची ओळ त्याहून पक्की.

सरकारी वाट असेल तर: कलम 21

सार्वजनिक वाटेवरचे हक्क संपवायची तरतूद आहे, फक्त ती फारशी कोणाला ठाऊक नसते. महसूल अधिनियमाचं कलम 21. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडून सुरू होतो, तहसीलदार किंवा ग्रामपंचायत हे करू शकत नाही. ग्रामसभेनं एकमतानं 'वाट बंद' असा ठराव केला तरी वाट बंद होत नाही. तो ठराव अर्जाला जोडायचा एक कागद, एवढीच त्याची किंमत.

क्रम असा. वाट लोकांच्या वापरासाठी आवश्यक नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना दिसलं तर हक्क संपवण्याच्या प्रस्तावाची अधिसूचना निघते. वाटेच्या जवळपास जाहीर नोटीस लागते. अधिसूचनेपासून 90 दिवसांत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो, ज्याचं नुकसान होणार आहे तो भरपाई मागू शकतो. पुरेसं कारण असेल तर 90 दिवसांनंतरची हरकतही घेतली जाते. हरकत घेणाऱ्या प्रत्येकाची सुनावणी, भरपाईचा आकडा, मग अहवाल वर, आणि शेवटी राजपत्रात घोषणा. घोषणेच्या तारखेला सगळ्यांचे हक्क संपतात.

आणि आता ज्यासाठी बहुतेकांचा हिरमोड होतो ते: घोषणेनंतर ती जमीन तुमची होत नाही. ती शासनाच्या स्वाधीन राहते. दोन्ही बाजूंनी तुमचं शेत असलं तरी मधली ती सव्वाआठ फुटी पट्टी सरकारी जमीन म्हणून उरते, आणि ती हवी असेल तर वेगळा अर्ज, वेगळं मूल्यांकन, वेगळी वाट बघणं. हे आधी कळलं तर अर्धे लोक अर्जच करत नाहीत, आणि बरोबर करतात.

तरीही करायचा असेल तर अर्जात 'मला पीक घेता येत नाही', 'चोऱ्या होतात' असलं लिहू नका. कलमाची कसोटी लोकांना गरज आहे की नाही ही आहे, तुमची सोय ही नाही. अर्ज पर्यायी रस्त्याभोवती बांधा: वाटेची दोन टोकं कोणती, त्याच दोन टोकांना जोडणारा दुसरा रस्ता कोणता, त्याची लांबी आणि रुंदी किती, तो बारमाही आहे का, जुन्या वाटेपेक्षा किती मीटर जास्त चालावं लागतं. पावसाळ्यातले फोटो जोडा. उन्हाळ्यातल्या फोटोंवर 'आता पुलावरून पाणी जातं तेव्हाचं दाखवा' असा शेरा येतो. नकाशाच्या प्रतीवर जुनी वाट लाल आणि पर्यायी रस्ता हिरव्या शाईनं रंगवा, मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा), लगतच्या सर्व गटांचे सातबारे आणि ग्रामपंचायतीचा ठराव लावा. मंडळ अधिकारी स्थळपाहणीला येतील तेव्हा पंच म्हणून तुमचा सालगडी आणि मेहुणा उभा करू नका.

वाट पोटखराब 'ब' मध्ये असेल तर स्थिती थोडी निराळी, कारण ते क्षेत्र तुमच्या गटातच मोजलेलं आहे. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहा. हक्क संपले तरी क्षेत्र आपोआप लागवडयोग्य होत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखाकडून कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाचा कागद) होऊन आकारबंद दुरुस्त व्हावा लागतो. नुसत्या फेरफारानं पोटखराब 'ब' हटवल्याचे आदेश पुढे उलटतात.

शासनाचा एकूण कल सध्या नेमका उलट दिशेला आहे. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली, 2025 मध्ये शेतरस्ते 3 ते 4 मीटर रुंद करून त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचे आदेश निघाले. अशा हवेत वाट बंद करण्याचा प्रस्ताव घेऊन जाणारा माणूस प्रवाहाविरुद्ध पोहतो आहे. म्हणून बंद करण्याच्या हट्टापेक्षा वाट बांधावर सरकवणं दहातल्या आठ वेळा स्वस्त पडतं, असं आमचं मत आहे. ही सोय खाजगी हक्काच्या वाटेची. सरकारी पायमार्ग आपसातल्या दस्तानं हलवता येत नाही.

वाट बांधावर सरकवणं

शेताच्या मधून तिरपी गेलेली वाट कडेनं नेली की तुमचं शेत अखंड होतं आणि चालणाऱ्याचा हक्कही राहतो. सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 22 तुमच्या मदतीला आहे: वापरणाऱ्याचं नुकसान न होता हक्क ठरावीक भागापुरता मर्यादित करता येत असेल, तर जमीनमालक तशी मागणी करू शकतो. पण नव्या वाटेसाठी संमतीच लागते, आणि संमती मिळते ती वाट आधी करून दाखवली तर. कागदावरच्या वाटेला कोणी सही करत नाही.

समजा नवी वाट 150 मीटर आहे आणि 3 मीटर रुंद करताय. काळ्या जमिनीत वरची 6 इंच माती काढा, ती शेतातच पसरा. त्यात दाबून 6 इंच मुरूम हवा. 150 गुणिले 3 गुणिले 0.15 म्हणजे 67.5 घनमीटर, साधारण 24 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). हा दाबल्यानंतरचा आकडा आहे. सुटा मुरूम दबतो, म्हणून 30 ब्रास मागवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो, त्यावरून खेपा काढा, आणि रॉयल्टीची पावती जपून ठेवा. मध्यभाग कडांपेक्षा 3-4 इंच उंच ठेवला नाही तर पहिल्याच पावसात चाकोरी पडते. चढाच्या बाजूला फूटभर खोल चर काढा. चर वाट ओलांडतो तिथे सिमेंटचा पाईप टाका. एक फुटी पाईप पालापाचोळ्यानं तुंबतो, दीड फुटी घ्या आणि वर किमान फूटभर भर द्या.

तिरपी वाट काटकोनात वळवली की कोपरा अरुंद पडतो. पायी जाणाऱ्याला काही वाटत नाही, पण मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधलेले असले तर काटकोन नकोसा होतो. कोपऱ्यावर पाच-सहा फुटांचा तिरका छेद द्या. वळसा किती वाढतो ते पावलांनी मोजा. शंभर पावलं लोक कुरकुरत चालतात, चारशे चालत नाहीत, आणि मग नव्या पेरलेल्या शेतातून जुनीच वाट पुन्हा पडते.

दस्तात दोन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात: जुन्या वाटेवरचा हक्क सोडला आणि नव्या वाटेवर हक्क दिला. रुंदी फुटांत आणि मीटरमध्ये, सुरुवात व शेवट गट क्रमांक आणि हद्दीच्या खुणांसह, दुरुस्ती कोणी करायची, फाटक लावता येईल का. आणि हक्क कोणता, पायी जाण्याचा, जनावरांसह, बैलगाडीचा की ट्रॅक्टरचा, हे शब्दांत लिहा. कलम 28 प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसरा प्रकार येत नाही. मोघम 'रहदारीचा हक्क' लिहिला की पाच वर्षांनी ऊसाचा ट्रक दारात उभा राहतो. दस्त नोंदवला की तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराला द्या. नोटिशीची 15 दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन, मग इतर हक्कात नोंद.

घाई केली तर काय होतं

वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली समोरचा तहसीलदारांकडे जातो. मुदत सहा महिने. इथे मालकी तपासत नाहीत. वाट चालू होती का आणि तुम्ही अडवली का, एवढंच बघतात. निर्णयावर अपील नाही, फेरतपासणी आहे, आणि दिवाणी न्यायालय वेगळं काही ठरवेपर्यंत आदेश टिकतो. सार्वजनिक वाट असेल तर ग्रामपंचायत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली अडथळा काढू शकते, आणि कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली आदेश देऊ शकतात. शिवाय गावातले कोणतेही दोघे कोर्टाच्या परवानगीनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली दावा लावू शकतात, त्यांचं वैयक्तिक नुकसान झालेलं असण्याची गरज नाही.

फौजदारी बाजू अशी: खाजगी वाट अडवताना आपल्याला तसा हक्क आहे असं सद्भावनेनं वाटत असेल तर तो गैरनिरोध (बेकायदा वाट अडवण्याचा गुन्हा) होत नाही, हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्येच आहे. सार्वजनिक रस्त्याला हा अपवाद नाही, तिथे कलम 285 खाली 5000 रुपयांपर्यंत दंड आहे. दावा येण्याची चाहूल असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालतं, नंतर नवं टाकावं लागतं.

प्रत्यक्ष बंद करताना

कागद पूर्ण झाले, तरी आडवी काटेरी तार एका रात्रीत ओढू नका. अंधारात सायकलवरून येणाऱ्याच्या गळ्याशी ती येते. दोन्ही टोकांना महिनाभर आधी फलक लावा, आदेश किंवा दस्त क्रमांक, तारीख आणि नव्या वाटेची दिशा लिहून. मग आधी आडवं लाकूड, त्याला पांढरा रंग, आणि पंधरवड्यानं कुंपण.

जुनी वाट बुजवताना बहुतेकांची चूक पाण्यात होते. वर्षानुवर्षांच्या पायांनी वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा-पाऊण फूट खोल गेलेली असते, आणि पावसाळ्यात ती ओहोळ होते. वरच्या शेताचं पाणी तिच्यातूनच उतरतं. खालच्या टोकाला भर घातली की पाणी मागे तुंबतं, बांध फुटतो आणि शेजारी पुन्हा मामलेदार कायद्याखालीच येतो, या वेळी पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला म्हणून. वरच्या टोकापासून सुरुवात करा, पाणी आधी बांधालगतच्या चरात वळवा, मग दर दहा-पंधरा मीटरवर आडवा मातीचा गतिरोध देत भरत खाली या. दबलेली वाट नुसत्या नांगरानं सुटत नाही. एप्रिलमध्ये सबसॉयलर (खालचा दबलेला थर फोडणारं अवजार) दीड फूट खोल फिरवा, शेणखत टाका, आणि पहिल्या वर्षी तिथे ताग किंवा धैंचा घ्या. नाही तर पिकात पट्टा पिवळा दिसतो आणि लोकांना वाट अजून तिथेच आहे असं वाटत राहतं.

गाव नकाशावरची तुटक रेषा मात्र पुसली जात नाही. पुढे मोजणीदार आला, जमीन विकायला काढली किंवा बँकेनं शोध अहवाल मागवला की ती रेषा पुन्हा वर येते. राजपत्रातल्या घोषणेची किंवा नोंदणीकृत दस्ताची प्रत, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), फेरफाराचा उतारा आणि इतर हक्कातली नोंद दिसणारा नवा सातबारा, हे चार कागद एकत्र शिवून ठेवा आणि जमीन विकाल तेव्हा खरेदीदाराला मूळ दस्तासोबत द्या.